दाभण आणि आंब

"मॅडम, सुई लावायची राहिली तुमची," काचसामान धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, तेव्हा मी एका हाताने रोपाचं पान धरून दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर सिरिंज टेकवली होती. सुई लावायची नसतेच. औषधाच्या दुकानात मिळते तीच एक मिलिलिटरची सिरिंज. सुई काढून टाकायची, बोथट तोंड पानाच्या खालच्या बाजूला टेकवायचं, वरून बोटाचा आधार द्यायचा आणि दट्ट्या अगदी हळू दाबायचा. जमलं तर टीपकागदावर शाई पसरावी तसा पानात एक ओला, गडद डाग पसरत जातो आणि जाड शिरेपाशी येऊन अडतो. पर्णरंध्रांतून पाणी शिरलं, पेशींमधल्या हवेच्या जागा भरल्या, याची ती खूण. नाही जमलं तर सगळं बोटांवर ओघळतं, किंवा पानाला गोल भोक पडतं. पहिले दोन आठवडे मी भोकंच पाडली. दुपारी टोचायला गेलं की पान मुळीच पाणी घेत नाही, सकाळी रोपाला पाणी घालून, उजेडात ठेवून मग टोचावं, एवढं कळायला तेवढा वेळ लागला.

सिरिंजमधलं पाणी काळपट होतं. "शाई पाजताय होय झाडाला?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, शाई नाही, कार्बन आहे, फार बारीक नळ्या. "म्हंजे काजळीच की," म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या. त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमांनी या नळ्यांचं वर्णन केलं ते विजेच्या ठिणगीने कार्बनची वाफ करून मागे उरलेल्या अवशेषातूनच.

हे सगळं हरभऱ्यापायी सुरू झालं. आमचं गाव लातूर जिल्ह्यात. रब्बीला घरचा हरभरा असायचा आणि घाटे भरायला लागले की अण्णा सकाळी सरीतून चालत एकेक घाटा बोटांनी दाबून बघायचे. भोक असलं की आत दाणा नाही, घाटेअळीने ठेवलेली घाण. पीएचडीला विषय निवडताना ते डोक्यात होतं. हरभऱ्यात एखादं जनुक घालायचं तर आधी हरभऱ्याची मनधरणी किती करावी लागते, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

वनस्पतीत जनुक घालायचा नेहमीचा मार्ग म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. मातीतला जिवाणू. झाडाच्या जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, मग झाडाला गाठ येते. तो तुकडा खरोखरच झाडाच्या पेशीत जाऊन बसतो हे मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं. १९८३ पर्यंत गाठीची जनुकं काढून त्या जागी हवी ती जनुकं बसवलेली तंबाखूची रोपं तयार झाली. तंबाखूवर हे आता शिकाऊ पोरंही करतात. हरभऱ्याचं तसं नाही. मुळात जनुक घेणाऱ्या पेशी थोड्या, त्या पेशींपासून कोंब फुटणं आणखी थोडं, आणि कोंब फुटला तरी तो मूळ धरत नाही. मग कोवळ्या रोपाच्या बुंध्यावर त्याचं कलम बांधायचं, बारीक पात्याने, श्वास रोखून. पीएचडीच्या पाच वर्षांत मी बांधलेल्या कलमांची मोजदाद हजारांत जाईल. कुंडीत जाऊन बी धरलेली रोपं एका हाताच्या बोटांवर.

दुसरा मार्ग बंदुकीचा, आणि मी हे शब्दशः म्हणतेय. कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या बारीक कणांना डीएनए चिकटवून ते कांद्याच्या पेशींवर झाडले. सुरुवातीचं यंत्र खरोखर बंदुकीच्या दारूवर चालायचं. १९८७ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. आता दारूच्या जागी हेलियम आणि टंगस्टनच्या जागी बहुतेक वेळा सोनं वापरतात, पण पेशीला भोसकून आत जाण्याचा हिशेब तोच. कित्येक पेशी मरतात, आणि जगलेल्यांपासून रोप उभं करायचं दुखणं शिल्लक राहतंच.

हा खटाटोप पेशीभित्तिकेपायी. प्राण्यांच्या पेशीला नुसतं पातळ पटल असतं. वनस्पतीच्या पेशीभोवती त्याच्याबाहेर सेल्युलोजची विणलेली भिंत असते, आणि त्या विणीतली छिद्रं साधारण ५ ते २० नॅनोमीटरची. त्याहून मोठं काही सहसा आत जात नाही. शोधायचं होतं ते याहून बारीक वाहन. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये सिलिकाचे मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र कण वापरले. ३ नॅनोमीटरच्या छिद्रांत रसायन भरायचं, तोंडाला सोन्याच्या कणांची बुचं. कल्पना सुंदर होती, पण अख्ख्या पानात ते कण घालायला शेवटी बंदूकच लागली.

मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातून, मार्किता लँड्री यांच्या प्रयोगशाळेतून, कार्बन नळ्यांचा निबंध आला. बंदूक नाही, जिवाणू नाही, नुसतं सिरिंजने पानात टोचायचं. तंबाखूवर्गातल्या बेंथामियानाबरोबर अरुगुला, गहू आणि कापूस यांच्यावरही केलेलं. त्याच वर्षी एमआयटीतल्या मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने नळ्यांवर कायटोसानचा लेप देऊन जनुक थेट हरितलवकात पोचवल्याचं छापलं. आमच्या प्रयोगशाळेत त्या आठवड्यात चहा दुप्पट खपला. एकपदरी कार्बन नळीची जाडी एखादा नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि लांबी त्याच्या शेकडोपट. सरांनी फळ्यावर ती भिंतीतून आरपार जाताना काढली, तेव्हा मला दाभण आठवलं. पोतं शिवायचं दाभण सुतळीचे धागे तोडत नाही. वीण जरा बाजूला सारतं, पार होतं आणि मागून सुतळी ओढून नेतं. पुढची दोन वर्षं ते दाभण माझ्या डोक्यातून निघालं नाही, आणि त्याचा मला तोटाच झाला.

कागदावर काम सोपं दिसतं. डीएनएवर ऋण भार असतो. नळीवर पॉलीइथिलिनइमाइनचा लेप चढवला की ती धन होते. आम्ही त्याला पीईआय म्हणतो. धन आणि ऋण आपसूक चिकटतात. प्रत्यक्षात नळ्यांची भुकटी इतकी हलकी असते की हातमोज्यावरच्या स्थिर विजेने उडून चिकटते, एक मिलिग्रॅम तोलायला अर्धा तास जातो, आणि ती नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावून हूडमध्येच बसावं लागतं. मग बर्फात बुडवलेल्या भांड्यात सोनिकेटरची दांडी सोडायची. तिची किंचाळी दार बंद केलं तरी जिन्यापर्यंत ऐकू जाते. शेवटी सेंट्रीफ्यूजमध्ये गाळ बसवून वरचं काळं, स्वच्छ पाणी घ्यायचं. इथपर्यंत ठीक. त्यात डीएनए घातला की खरी परीक्षा. प्रमाण जरा चुकलं की भार एकमेकांना फेडतात, नळ्या एकमेकींना बिलगतात आणि पातळ शाईत काळे कण तरंगायला लागतात, दूध नासतं तसे. नासलेलं मिश्रण पुन्हा नीट होत नाही. फेकून द्यायचं आणि पहिल्यापासून.

ते न नासता राहिलं तरी पेच सुटत नाही. नळीने डीएनए घट्ट धरला तर आत जाऊनही तो सुटत नाही, आणि पेशीला तो वाचता येत नाही. सैल धरला तर वाटेतच गळतो आणि पानातली विकरं तो खाऊन टाकतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात एक अख्खा पावसाळा गेला.

आणि मग ती रात्र आली. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, कन्फोकल सूक्ष्मदर्शकाला रात्रीच वेळ मिळालेली. आम्ही घातलेलं जनुक हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं होतं, जीएफपीचं, जेलीफिशकडून उसनं घेतलेलं. त्या प्रथिनावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. निळ्या उजेडात ते हिरवं चमकतं, म्हणून जनुक आत जाऊन कामाला लागलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. मी पानाचा तुकडा काचेवर ठेवला, लेझर सुरू केला, आणि पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. पेशींच्या कडांना हिरवा उजेड, मध्ये मध्ये गोल, केंद्रकासारखे डाग. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. रात्री अकराला सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "छान. नुसत्या नळ्या टोचलेलं पान पाहिलंस का?" मी म्हटलं, उद्या बघते. आणि घरी जाता जाता अण्णांना फोन करून सांगितलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी नुसत्या नळ्यांचं पान पाहिलं. त्यात डीएनए नव्हताच. तेही हिरवं होतं. कालच्यापेक्षा जरा जास्तच.

पान जखमी झालं, पेशी ताणाखाली आल्या किंवा मरायला लागल्या की त्यांच्यात फिनॉलवर्गातली द्रव्यं साचतात, आणि निळ्या उजेडात ती आपली आपण हिरवट चमकतात. पर्णरंध्रांच्या रक्षकपेशी तर धडधाकट पानातही चमकतात. पुढे २०२१ मध्ये बर्कलेच्याच गटाने छापलं की पीईआयच्या लेपामुळे पानातली ताणाची आणि बचावाची जनुकं जागी होतात. ते वाचताना मला माझं ते पान दिसत होतं. खरं जीएफपी ओळखायचं तर उजेडाचा सगळा पट्टा तपासावा लागतो. जीएफपीचा उजेड ५१० नॅनोमीटरच्या आसपास टोकदार उंचावतो, जखमी पानाचा उजेड पठारासारखा पसरट असतो. माझं पठार होतं.

प्रयोगशाळेतली लाज प्रयोगशाळेत राहिली असती, पण अण्णांनी दिवाळीत गावभर सांगून टाकलं होतं. पुढचं वर्षभर गावी गेले की पारावर कुणी ना कुणी विचारायचं, "ताई, ते अळी न लागणारं बियाणं कधी येतंय?" अळीचं जनुक मी हातातही घेतलं नव्हतं, हिरव्या ठिपक्यापाशीच अडकले होते, हे पारावर कसं सांगायचं?

त्यानंतर आम्ही उजेडावरचा भरवसा कमी केला. बातमीदार जनुकाच्या मधोमध एक इंट्रॉन घातला, म्हणजे वाचताना वगळायचा मजकूर. वनस्पतीची पेशी जनुक वाचून आरएनए करते, तेव्हा तो मजकूर कापून काढते आणि दोन टोकं जोडते. टोचलेला डीएनए पानात नुसता पडून राहिला असेल तर त्याची नक्कल लांब येते. पेशीने तो खरोखर वाचला असेल तर आखूड येते. जेलवर दोन पट्टे वेगळे दिसतात. युक्ती जुनी आहे. अ‍ॅग्रोबॅक्टेरियमवाले जिवाणूतलं वाचन झाडाच्या वाचनापासून वेगळं काढायला ती वापरत आलेत. लांब पट्टा आम्हाला नेहमी मिळाला, भरघोस, म्हणजे डीएनए पानात होता. आखूड पट्टा एकदा बारा पानांपैकी तीन पानांत मिळाला, फिकट. पुढच्या वेळी एकाही पानात नाही. त्याच्या पुढच्या वेळी दोन. प्रमाणं तीच, रोपं त्याच वयाची, हात माझाच.

असं होणारे आम्ही एकटेच नव्हतो. २०१७ मध्ये चीनमधल्या गटाने चुंबकीय कणांनी कापसाच्या परागात जनुक ओढून नेल्याचं मोठ्या मासिकात छापलं होतं. टिश्यू कल्चरची गरजच नाही, पराग वापरून सरळ बी धरायचं. ते वाचून मला माझी हजारो कलमं आठवून रडू आलं होतं. २०२० मध्ये त्याच मासिकात दुसऱ्या गटाने छापलं की मका, ज्वारी आणि लिली यांच्या परागावर करून पाहिलं, कसलाही पुरावा मिळाला नाही. कापसाचा पराग आणि मक्याचा पराग यांची दारं वेगळी असतात, तेव्हा याने ते खोटं ठरत नाही. पण "आम्हाला जमलं नाही" असं लिहायला आणि छापायला धाडस लागतं, आणि मला विचाराल तर या क्षेत्रात अशा निबंधांचा तुटवडा आहे.

दाभणाचं काय झालं ते २०२२ मध्ये कळलं. लँड्रींच्या गटाने सोन्याचे ५ ते २० नॅनोमीटरचे कण, गोल आणि दांडीसारखे, पानात सोडून पाहिले. दांड्या पेशीत शिरल्या, गोल कण शिरले नाहीत, भिंतीलाच चिकटून राहिले. पण जनुक गप्प करणारा छोटा आरएनए लावल्यावर सगळ्यात चांगलं काम केलं ते १० नॅनोमीटरच्या गोल कणांनी, म्हणजे बाहेर राहिलेल्यांनी. वाहन दाराशीच थांबलं आणि पाहुणा आत गेला. मी तो निबंध दोनदा वाचला, मग सोनिकेटर बंद करून मावशींबरोबर चहा प्यायला गेले. आरएनएचा छोटा तुकडा आणि आमचं हजारो अक्षरांचं प्लाझ्मिड, म्हणजे आम्ही टोचतो ते डीएनएचं वेटोळं, यांत फरक आहे हे खरं. तरी दोन वर्षं मी सगळं काही "आत कसं घुसवायचं" याच प्रश्नावर लावलं होतं. लांब नळी, बारीक नळी, टोकदार नळी.

शेतापर्यंत आधी पोचेल ते आरएनएच, असं माझं मत झालंय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गटाने २०१७ मध्येच मातीच्या पापुद्र्यांसारख्या नॅनोकणांवर दुपदरी आरएनए चढवून फवारला होता आणि एका फवारणीने किमान २० दिवस विषाणू रोखला होता. झाडाचं जनुक तसंच राहतं. अण्णांना हे चटकन पटलं, कारण त्यात फवारणी आहे. माझ्या कामाबद्दल मात्र त्यांचा प्रश्न, "बीटीसारखंच का गं?" बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला आणि त्यावरचं गावातलं भांडण अजून संपलेलं नाही. मी सांगते, बीटीत परकं जनुक कायमचं बसवलेलं असतं. आम्ही घालतो ते थोडे दिवस वाचलं जावं आणि विरून जावं, अशी इच्छा आहे. त्या थोड्या दिवसांत जनुक-संपादनाची कात्री आपलं काम करून गेली तर झाडात परका डीएनए उरणार नाही. तशा, परका डीएनए न उरलेल्या काही संपादित वाणांना मार्च २०२२ मध्ये केंद्राने जुन्या नियमांतल्या काही कलमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीरही झाले. अण्णा ऐकून घेतात आणि विचारतात, "अन् हरभऱ्याचं?"

हरभऱ्याचं असं झालं. त्याचं पान नखाएवढं, लवदार, सिरिंजचं तोंड नीट टेकतच नाही. म्हणून आम्ही कोवळ्या रोपांचे शेंडे काळ्या मिश्रणात बुडवून निर्वात भांड्यात ठेवायला लागलो. पंप चालू केला की पानांतून हवेचे बुडबुडे निघतात. झडप उघडली की मिश्रण आत खेचलं जातं आणि पानं गडद होतात. बेंथामियानावर हे छान चाललं. हरभऱ्यावर मिश्रण दर वेळी भांड्यातच नासायचं. तीन आठवडे मी नळ्या पुन्हा बनवल्या, पीईआयची बाटली बदलली, पाणीसुद्धा बदललं.

एका रविवारी फोनवर आईने विचारलं, "काय करायलीस?" मी वैतागून सांगितलं की पाला बुडवला की माझं औषध नासतंय. ती म्हणाली, "आंब धुतलीस का आधी?"

हरभऱ्याची आंब. लहानपणी पहाटे आजी पिकावर धुतलेलं धोतर पसरायची, दवासकट ते आंबट पाणी टिपायची, पिळून बाटलीत भरायची आणि पोट दुखलं की चमच्याने द्यायची. हरभऱ्यातून अनवाणी चाललं की पाय चरचरायचे. पानावरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्सॅलिक आम्ल पाझरतं, हे मी पीएचडीच्या प्रबंधात पहिल्या प्रकरणात, दुसऱ्या पानावर, स्वतः लिहिलेलं आहे.

आईने लातूरहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाण्याच्या बाटलीतून आंब पाठवली. लिटमस बुडवला तर लालभडक. चांगल्या मिश्रणाच्या तीन नळकांड्या घेतल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत बाजारातलं मॅलिक आम्ल तेवढंच आंबट करून, तिसरीत आईची आंब. पहिली तशीच राहिली. दुसरीत काही वेळाने काळे कण दिसायला लागले. तिसरी पहिल्या मिनिटातच नासली. मावशी शेजारी उभ्या होत्या. "लिंबू पिळल्यावानी," म्हणाल्या.

आता रोपं बुडवण्याआधी वाहत्या पाण्यात तीनदा धुतो आणि मग निथळून घेतो. निबंधात ते "पृष्ठभागावरील आम्लस्राव काढण्यासाठी" असं जाईल. वहीत मी त्या पायरीपुढे "आई" लिहून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात धुतलेल्या रोपांचं पहिलं जेल चालवलं. मिश्रण नासलं नव्हतं, पानं नीट गडद झाली होती, लांब पट्टा ठळक आला. आखूड पट्ट्याच्या जागी सात नंबरच्या रांगेत काहीतरी आहे असं आमच्या नव्या विद्यार्थ्याला वाटतं. त्याने फोटो मोठा करून दाखवला, उजेड वाढवून दाखवला. मी त्याला नुसत्या नळ्यांची रांग तशीच मोठी करून दाखवायला सांगितलं. तिथेही काहीतरी असल्यासारखं वाटतंय. सोमवारी पुन्हा चालवतोय. अण्णांना अजून काही सांगितलेलं नाही.